तीन देव, एक पंगत

स्वयंपाकघरातून अंगणात जायचं तर माणसानं रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि अंगणातून परत येताना तर मुळीच येऊ नये, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. जाताना खरकटं न्यावं, येताना सरपण आणावं. एका फेरीत दोन कामं. हे मला कुणी शिकवलं नाही. वर्ध्याच्या आमच्या घरात माझी आई एकेक वाटी वेगळी उचलून मोरीवर न्यायची आणि ते बघून माझा जीव खालीवर व्हायचा.

लग्न होऊन मी हिंगणीच्या अलीकडच्या एका गावात आले ती हे मत पदरात बांधूनच. घर शेतकऱ्याचं. सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजानं मामाजी, सासूबाई, माझे यजमान आणि मी, एवढीच माणसं. कामं मात्र वीस माणसांची. यजमान सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आणि मी सेलूच्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण. सकाळी चूल, मग एसटी, मग शाळा, मग पुन्हा एसटी आणि पुन्हा चूल. या सगळ्याच्या फटीतून मला बी.ए. व्हायचं होतं.

ते वेड जुनं होतं. मॅट्रिकला बरे मार्क असूनही वडिलांनी मला कॉलेजात न घालता डी.एड.ला घातलं, कारण डी.एड.वाल्या मुलीला नोकरी लवकर लागते आणि नोकरीवाल्या मुलीला नवरा लवकर मिळतो. दोन्ही लवकर मिळालं. कॉलेज राहिलं. म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी बाहेरून परीक्षा द्यायला लागले. पहिलं वर्ष निघालं, दुसरंही निघालं. तिसऱ्याला ऐन पेपरांच्या दिवसांत गव्हाची मळणी आली आणि मी परीक्षेला बसूच शकले नाही. त्यावर मामाजींनी ओसरीवर बसून निकाल दिला.

"यंदा शेवटचं पाय. झालं तं झालं, नाई तं पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवजो."

मामाजी काही दुष्ट नव्हते. त्यांना एवढंच वाटायचं की घरात सारखं काहीतरी व्हायचं राहिलेलं नसावं. सेलूच्या हायस्कूलचे हेडमास्तर मला म्हणाले होते, "बाई, पदवी आणा, मग बोलू." तेव्हा त्या वर्षी माझ्यापुढे सरळ हिशेब होता. पेपर झाले तर हायस्कूल, नाहीतर माळा.

मग मी कामाला लागले. मोठ्या भाकरीऐवजी जरा लहान भाकरी थापल्या तर एका वेळी तव्यावर एक आणि निखाऱ्यावर दोन बसतात, हे शोधलं. रात्रीच्या वरणात सकाळची आमटी बघितली. अर्थशास्त्राची पानं चुलीमागच्या भिंतीला कणकेनं चिकटवली आणि भाकरी थापता थापता मोठ्यानं वाचायला लागले. "वस्तूचा भाव वाढला की मागणी कमी होते," असं मी म्हटलं की ओसरीवरून मामाजी विचारत, "आमच्या कापसाचा भाव वाढला कधी, ते सांग पयले." त्यावर पुस्तकात काही नव्हतं. मुलांच्या वह्या मी एसटीत तपासत असे. हिंगणी ते सेलू रस्ता असा होता की माझी बरोबरची खूण एका गणितावरून उडून दुसऱ्या गणितावर पडायची, आणि त्या वर्षी आमच्या वर्गात भागाकाराचा निकाल फार चांगला लागला.

दोन हातांत दोन कामं घेण्यात एकदाच घोटाळा झाला. सकाळची घाई, एका हातात भिजवलेल्या कणकेची परात, दुसऱ्या हातात गोठ्यातून येताना उचललेली शेणाची पाटी. डोक्यात श्रमविभागणीचे फायदे चालले होते. मी पाटी चुलीजवळ ठेवली आणि परात गाईपुढे. गाईनं निम्मी कणीक संपवेपर्यंत कुणालाच कळलं नाही. सासूबाई चुलीजवळ आल्या, पाटीकडे पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं.

"गाईचं बेस झालं," त्या म्हणाल्या. "आता आपल्या ताटात काय वाढते ते पाहू."

एवढं सोडलं तर माझी पद्धत उत्तम चालली होती. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी वाचवलेला वेळ माझ्या हाती लागतच नव्हता. वर्ध्याहून मी कुकर आणला तेव्हा मला वाटलं, रोज डाळ शिजायला लागणारा वेळ आता माझा. पण तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "घेऊन ये तुही डाळ, आमच्या सुनेजवळ टाइमच टाइम हाय." आठवड्याभरात माझ्या कुकरात निम्म्या आळीची डाळ शिजत होती. मी भराभर पत्रं लिहिते म्हणून आळीतली पत्रं माझ्याकडे आली. मी भराभर वाढते म्हणून गावातल्या प्रत्येक लग्नात पंगत माझ्याकडे आली. मी एखादं काम लवकर उरकलं की सासूबाई ओसरीवरून बघत आणि म्हणत, "झालं का? मंग हे घे." आणि तूर निवडायला, नाहीतर मिरच्यांची देठं काढायला देत. माझी खात्री झाली होती की ह्या बाईला माझं शिकणं डोळ्यासमोर नको आहे. त्या उघड कधी काही बोलल्या नाहीत, पण उघड न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच राग येतो.

आता नवसांचं सांगायला हवं. सासूबाईंचं देवांशी जाणं-येणं फार होतं. गाय चुकली, कुणाला ताप आला, विहिरीची मोटर बसली, की त्या कुठल्या ना कुठल्या देवाला रोडगे बोलत. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, तेल लावून थरावर थर देऊन वळलेले मोठे गोळे. गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा धूर आणि ज्वाळा जाऊन निखारे होऊ द्यायचे, मग त्या निखाऱ्यांत आणि राखेत गोळे पुरून भाजायचे. वर साजूक तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग शेतात झाडाखाली पंगत बसवायची. चैत्र-वैशाखात, पिकं घरात आल्यावर, आमच्या भागात दर चार दिवसांनी कुणाच्या तरी शेतातून त्या गोवऱ्यांचा धूर निघत असतो. जेवण असं की माणूस उठताना आधार शोधतो. पण त्यात अख्खा दिवस जातो, आदल्या दिवशीचं दळण-कांडण वेगळंच.

त्या वर्षी सासूबाईंचे तीन नवस थकले होते. एक वेशीवरच्या मारोतीचा, एक आमच्या शेताजवळच्या नाल्यावरच्या महादेवाचा, आणि एक धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या शेवटच्या बांधापलीकडे, जिथून बोरचं जंगल सुरू होतं, तिथल्या वाघदेवाचा. ते कशासाठी बोलले होते, हे मी विचारलं नाही. सासूबाईंना नवसाचं कारण विचारलं की त्या गाय व्यायली तिथपासून सुरुवात करत आणि मधे दोन-तीन बाळंतपणं घेऊन मग मुद्द्यावर येत. एवढा वेळ कुणाजवळ होता? मला एवढंच कळलं की चैत्रात तीन दिवस जाणार आणि माझे पेपरही चैत्रातच.

तेव्हा मी ओसरीवर सगळ्यांसमोर सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तिन्ही देवांचं एकदमच केलं तर?"

सासूबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. "एकदम म्हणजे?"

"एक दिवस, एक शेत, एक पंगत. तीन नैवेद्य."

"देवायले चालन का?"

"माझ्या लग्नात तीन गावचे पाहुणे एकाच मांडवात जेवले ना? कुणी रागावलं का?"

"तुह्या मावसा रागावला होता," सासूबाई म्हणाल्या. ते खरं होतं, पण तो वाढायला उशीर झाला म्हणून.

हा प्रश्न मग गावाचा झाला. मारोतीचा वार शनिवार, महादेवाचा सोमवार. वाघदेवाला वारच नाही, तो केव्हाही जेवतो. पहिला नैवेद्य कुणाला? मारोतीला दिला तर महादेव मोठा असून मागे राहिला. महादेवाला दिला तर शनिवारी मारोतीला थांबवल्यासारखं झालं. आणि वाघदेवाला शेवटी ठेवायची कुणाची छाती नव्हती, कारण तिघांत तोच काय तो रात्री गावात येऊन जायचा. मामाजींचे थोरले भाऊ, ज्यांना मी मोठे मामाजी म्हणत असे, ते रोडग्याच्या जाळावर बसण्यात पंचक्रोशीत एक नंबर. त्यांचंही मत पडलं की हे काही बरोबर नाही. पण माझ्याजवळ उत्तर तयार होतं. तिघांनी तीन ताटं घेऊन एकाच वेळी निघायचं. यजमानांनी मारोतीकडे, मामाजींनी महादेवाकडे, आणि मी वाघदेवाकडे. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. श्रमविभागणी.

मामाजींना ते पटलं. त्यांना एका दिवसात तीन राहिलेल्या गोष्टी उरकणार याचाच आनंद होता. शनिवार ठरला. माझा शेवटचा पेपर, अर्थशास्त्राचा, त्यानंतरच्या सोमवारी होता. बाकीचे पेपर आधीच झाले होते आणि बरे गेले होते. शनिवारी दुपारपर्यंत जेवणं आटोपतील, मग अख्खा रविवार आपला, असा मी बेत केला. तसा बेत मी आयुष्यात पुन्हा केला नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. गेल्याच आठवड्यात केला.

पहिली चूक पाहुण्यांची. एका देवाच्या पंगतीला त्या देवाकडची माणसं येतात; वेशीच्या मारोतीला वेशीकडली घरं, नाल्याच्या महादेवाला नाल्याकडली. तिन्ही देव एकत्र केले तेव्हा तिन्हीकडची माणसं आली. वर, तीन देव एका पंगतीला कसे बसतात ते बघायला हिंगणीहूनही माणसं आली. वांगी सकाळीच कमी पडली. पळसाच्या पत्रावळी लावायला बसलेल्या बायका गर्दीकडे बघून पुन्हा पानं तोडायला गेल्या.

तरी मी हरले नव्हते. गोळे मी वळून घेतले होते, सगळे एकसारखे. आता फक्त भाजायचे. आणि तिथे मोठे मामाजी गोवऱ्यांच्या ढिगाजवळ उकिडवे बसून बिडी ओढत होते. ढीग धडधडून पेटलेला, ज्वाळा माणसाच्या कमरेएवढ्या, आणि ते शांत.

"मोठे मामाजी, टाका ना गोळे."

"पडू दे जाळ."

मी वरणाकडे जाऊन आले. भाजी ढवळून आले. पत्रावळी मोजायला गेले आणि गर्दी बघून मोजायच्या सोडून आले. ते बसलेलेच.

"पडला नाही का अजून?"

"पडते ना बापा. गोवरी हाय ते, एसटी नाई."

पंगतीतली माणसं कडुलिंबाखाली बसून माझ्याकडे बघत होती. ऊन चढत होतं. माझ्या डोळ्यांपुढे रविवार दिसत होता आणि त्याआधीचा अर्धा शनिवार, तोही मला हवा होता. मोठे मामाजी जरा पाय मोकळे करायला बांधाकडे गेले. एवढ्या ज्वाळा म्हणजे एवढी उष्णता, आणि एवढी उष्णता वाया घालवून निखाऱ्यांची वाट बघायची, हे मला शुद्ध अडाणीपणाचं वाटलं. मी लांब काठी घेतली, ढीग पसरला आणि सगळे गोळे त्या ज्वाळांत सारले.

ते लवकर भाजले. फार लवकर. मोठे मामाजी परत आले, ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी बिडी पेटवली. मी गोळे काढले, फडक्यानं झटकले, जरा काळे दिसले, पण रोडगे थोडे काळे असतातच. तीन ताटं भरली. एका वेळी तिघं निघालो. यजमान वेशीकडे, मामाजी नाल्याकडे, मी धुऱ्याकडे. सगळी पंगत उभी राहून बघत होती. मला तेव्हा, खरंच सांगते, फार अभिमान वाटला.

परत आलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. कुणीतरी पहिला रोडगा फोडला. तो फुटलाच नाही, लांबला. आतून पांढरीशुभ्र ओली कणीक, दोन्ही हातांच्या मधे दोरीसारखी ताणलेली. दुसऱ्यानं फोडला, त्याचंही तेच. 

यजमान म्हणाले, "बाहेरून लंका अन् आतून घरची कणीक."

हसले फक्त मोठे मामाजी. लोकांनी भल्या मनानं वरची करपलेली सालं वरणात बुडवून खाल्ली, वांग्याची भाजी तीनतीनदा मागून घेतली, आणि जाताना माझं कौतुकही केलं की पंगत लवकर उठली. सासूबाई मात्र एका कडेला तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "देवायले कच्चं खाऊ घातलं," एवढंच त्या म्हणाल्या. "तिघायलेही."

संध्याकाळी ओसरीवर मामाजींनी निकाल दिला. नवस फिटलेला नाही. पुन्हा करायचा. रविवार या तिघांतल्या कुठल्याच देवाचा नाही. पीठ उरलं आहे, गोवऱ्या उरल्या आहेत, सोमवार महादेवाचा आहे, तेव्हा सोमवार.

"सोमवारी माझा पेपर आहे," मी म्हटलं.

"माहीत हाय. पण ज्याच्या हातानं बिघडलं त्याच्याच हातानं सुधरलं पाहिजे. रीत हाय ते."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी एका शब्दानं जरी माझी बाजू घेतली असती तरी मामाजी ऐकते. त्या घरात रीतीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच होता. त्या उठून दिवा लावायला गेल्या.

रविवारी मी घरात कुणाशी बोलले नाही. कामं मात्र अशी केली की भांडी घाबरून आपसूक घासली जावीत. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसेनात. मला रडू येत होतं, आणि रडण्यातही मी घाईच केली, कारण तव्यावर भाकरी होती. मला राग आला होता मामाजींचा, त्याहून जास्त सासूबाईंचा, आणि त्या तीन दगडांचा, ज्यांना माझ्याच परीक्षेच्या दिवशी भाजलेलं हवं होतं. माळ्याकडे जाणारी शिडी मला दिवसभर डोळ्यांसमोर दिसत होती. झोपताना मी यजमानांना सांगितलं, "मी उद्या पहिल्या एसटीनं वर्ध्याला पेपरला जाणार. काय व्हायचं ते होऊ द्या." ते म्हणाले, "मी तुला बसवून देतो." त्यांच्यातला तो गुण मी नेहमी मान्य केला आहे, ते भांडत नाहीत, बसवून देतात.

पण माझा स्वभाव. पहाटे उठून मला वाटलं, दोन्ही करता येईल. एसटीच्या आधी सगळे गोळे वळून ठेवायचे, म्हणजे हात माझे लागले, मग भाजू देत कुणालाही. मी पदर खोचून अंगणात आले तर सासूबाई तिथे बसल्या होत्या. पुढ्यात परात, शेजारी ओल्या फडक्याखाली वळलेल्या रोडग्यांचा ढीग. जवळजवळ सगळं होत आलं होतं.

"उठली का?" त्या म्हणाल्या. "आंघोळ कर अन् जा. पह्यली गाडी भरून येते."

मी उभीच राहिले. "पण रीत?"

तेवढ्यात मामाजी बाहेर आले. तेही म्हणाले, "हात तिचे पाहिजे ना?"

"इकडं ये वं," सासूबाई मला म्हणाल्या. "ह्या परातीले हात लाव."

मी लावला.

"झालं," त्या म्हणाल्या. "लागले हात. जा आता."

मी आयुष्यात वेळ वाचवायच्या पुष्कळ युक्त्या केल्या, पण असली माझ्या बापजन्मात सुचली नसती. 

माझा राग मात्र उतरत नव्हता, उलट आता त्याला कुठे ठेवावं कळेना. मी म्हटलं, "मग परवाच का नाही म्हणालात? मला वाटलं तुम्हाला माझी परीक्षा नकोच आहे."

सासूबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी परातीऐवजी पुन्हा शेणाची पाटी आणली आहे.

"नको कायले राहीन? तुह्याच परीक्षेपायी तं बोलली होती मी. तुहं पह्यलं वर्ष झालं, तो मारोतीचा. दुसरं झालं, तो महादेवाचा. वाघदेवाचा तेवढा गाईचा हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "मागचे दोन फेडले नाई तं तिसऱ्या वर्षासाठी कोन्या तोंडानं मागू देवाले? म्हणून जीव लागून राह्यला होता माहा. परवा बोलायचंच सुचलं नाई."

जे तोंडात आलं ते मी बोलले. "मग दिवसभर मला कामं का सांगता?"

"कामं तं कामं हायेत," त्या म्हणाल्या. "ते कोन करन?"



पेपर झाला. श्रमविभागणीवर प्रश्न आला होता आणि मी त्यावर पानंच्या पानं लिहिली. बाकीच्या प्रश्नांना वेळ अपुरा पडला. शेवटची घंटा होऊन पर्यवेक्षकांनी हातातून उत्तरपत्रिका ओढून घेतली. जिला सगळीकडून आधी उठायची सवय, तिच्यावर ही वेळ आली. तरी पास झाले. पुढे हायस्कूलही मिळालं आणि तिथेही मी भराभर काम करते म्हणून वेळापत्रक, सहल आणि गॅदरिंग माझ्याकडेच आलं. ते असो.

त्या दिवशी परतीची एसटी उशिरा आली. मी नाक्यावर उतरून तडक शेताकडे निघाले. पंगती उठून गेल्या होत्या. मोठे मामाजी कडुलिंबाखाली आडवे झाले होते, मामाजी आणि यजमान बैलगाडीत भांडी भरत होते. सासूबाई एकट्याच राखेच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. मला बघून त्यांनी काठीनं राख बाजूला केली आणि आतून दोन रोडगे काढले. पदरानं झटकले. फोडले तेव्हा आतून वाफ आली, थर सुटे सुटे झाले.

"तुम्ही जेवल्या नाहीत?"

"ज्याच्यापायी नवस, ते उपाशी अन् मी जेवू का?"

त्यांनी पत्रावळीवर रोडगा कुस्करला, वर तुपाची वाटी उपडी केली. मी पहाटेपासून चहावर होते. मी मांडी घालून बसले आणि पहिला घास तोंडात घातला, लगेच दुसरा, तिसरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हटलं पोळलं, आणि ते काही पूर्ण खोटं नव्हतं. सासूबाईंनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

"हळू खाय वं," त्या म्हणाल्या. "झाला ना पेपर आता."